बायकांच्या बाकांवरून दिसलेली सर्कस

ते चित्र आता एका जुन्या संस्थानाच्या संग्रहालयात आहे. दुसऱ्या दालनात शिरलं की डाव्या हाताच्या भिंतीवर, काचेआड. खाली पितळी पट्टीवर लिहिलंय: फिरती सर्कस, नाशिक, जलरंग. माझं नावही आहे, पण ते मी इथे सांगणार नाही. ज्याला हवं असेल त्याने तिथे जाऊन वाचावं. चित्र चांगलं आहे. हे मी स्वतःच सांगते याचं कुणी नवल वाटून घेऊ नये. मी ते काढलं त्या काळात आमच्या घरात माझ्या चित्रांबद्दल चांगलं बोलायची पाळी बहुतेक वेळा माझ्यावरच येत असे, ती सवय राहून गेली.

लोक त्या चित्रापुढे थांबतात आणि हमखास एकच गोष्ट विचारतात. यातली सगळी सर्कस पाठमोरी का? घोड्याचं शेपूट दिसतं, तोंड दिसत नाही. विदूषकाच्या विजारीला मागून लावलेलं ठिगळ दिसतं. तारेवर चालणारी बाई तर पूर्ण पाठमोरी: हिरवं लुगडं, घट्ट कासोटा, अंबाडा आणि तारेवर टेकलेली उजव्या पायाची टाच. तोंडं दिसतात ती फक्त समोर बसलेल्या पुरुषांची, रांगाच्या रांगा. एकदा एक विद्वान गृहस्थ सोबतच्या मंडळींना समजावून सांगत होते, की चित्रकर्तीने इथे मुद्दाम कलावंतांच्या बाजूला उभं राहून जगाकडे पाहिलं आहे. मी शेजारीच उभी होते. काही बोलले नाही, कारण ऐकायला फार छान वाटत होतं. खरी गोष्ट एवढीच की मला बसायला जागा तिथे मिळाली होती.

आमचा मळा गोदावरीच्या काठाने, गंगापूरच्या रस्त्याला. शेवंती, गुलाब, झेंडू, आणि मधल्या वाफ्यांत मुळा, मेथी, कोबी. वडील मी लहान असतानाच गेले. तेव्हापासून घर, मळा, आई आणि मी, सगळं थोरल्या चुलत्यांच्या शब्दावर चाले. त्यांना घरातले सगळेच आबा म्हणत. आबा माळकरी, उंचेपुरे, डोक्याला कायम पांढराशुभ्र फेटा, आणि आवाज असा की नदीपलीकडच्या गड्याला अलीकडून हाक मारून बोलावत. माणूस मनाचा वाईट मुळीच नव्हता. भावकी नाकं मुरडत असताना मला शाळेत त्यांनीच घातलं होतं. पण त्यांच्या तोंडून एकदा 'नाय' निघालं की ते देवालाही परत घेता येत नसे.

मी इंग्रजी शाळेच्या शेवटच्या वर्गात होते. चित्रकलेच्या सरकारी परीक्षा पास झाले होते आणि बक्षीस म्हणून मिळालेली रंगाच्या वड्यांची पत्र्याची पेटी मी कुणाला हात लावू देत नसे. मला पुढे मुंबईला, चित्रकलेच्या शाळेत जायचं होतं. दुसरं काहीही नको होतं. माझ्या वतीने शाळेतले ड्रॉइंग मास्तर आबांशी बोलायला मळ्यात आले. स्वभावाने भिडस्त माणूस. ओट्याच्या अगदी कडेला बसले आणि चहा गार होईपर्यंत हवापाण्याचंच बोलत राहिले. शेवटी एकदाचं त्यांनी मुंबईचं नाव काढलं.

"ही काय काढती?" आबा म्हणाले. "फुलं. खरी फुलं हायेत की माझ्या मळ्यात. त्यांना वास बी येतो."

मास्तर म्हणाले, "मुंबईला थंडीत मोठं प्रदर्शन भरतं. त्यासाठी ती एक मोठं चित्र काढील. ते तिथे घेतलं गेलं तर शाळेत प्रवेश मिळणं सोपं जाईल."

आबांनी विचार केला. "आधी मला दाखवा," ते म्हणाले. "मला पटलं तर चित्र बी मुंबईला जाईल आन् पोरगी बी. नाय पटलं तर नांदगावचे पाहुणे वाट पाहतायत."

नांदगावचे पाहुणे म्हणजे माझ्यासाठी आलेलं स्थळ. जमीन, बारमाही पाण्याची विहीर, एकुलता एक मुलगा. मुलगा चांगला होता म्हणतात. असेलही. माझं त्याच्याशी काही वैर नव्हतं, मला फक्त तिथे जायचं नव्हतं. आता सगळं एका चित्रावर आलं, आणि ते चित्र कशाचं काढावं हे मला सुचेना. मास्तर म्हणत, घाट काढ. नाशकात ज्याच्या हाती म्हणून ब्रश आला त्याने घाट काढलेला असतो. मीही चार वेळा काढला आणि चारही वेळा मला काढता काढता जांभया आल्या.

त्याच सुमाराला सर्कस आली. हत्ती आमच्या मळ्यावरूनच गेले, रस्त्याची धूळ स्वतःच्या पाठीवर उडवत. गावाबाहेरच्या मैदानावर मोठा तंबू उभा राहिला. संध्याकाळी आबांनी ओट्यावर बसून जाहीर केलं, की माणसाने पोटासाठी वाघाच्या तोंडात डोकं घालणं हे पाप आणि ते बघायला जाणं हे त्याहून मोठं पाप, आणि बाया तिथे अर्ध्या कपड्यांत फिरतात असं ऐकलंय, तेव्हा आपल्या घरचं कोणी तिकडे फिरकता कामा नये. दुसऱ्या दिवसापासून हत्तींना मुळ्याचा पाला आमच्याच मळ्यातून जाऊ लागला. हत्तीचं पोट आणि माणसाची करमणूक या गोष्टी आबांच्या लेखी वेगळ्या होत्या.

आईला सर्कस बघायची होती. आई बाजारात फुलं विकायची. तिथे तिच्याशी भावावरून घासाघीस करायला माणसं घाबरत, पण घरी आबांपुढे ती पदर ओढून दाराआडून बोलायची. सर्कशीची जाहिरात तिने बाजारातच कुणाकडून वाचून घेतली होती. त्यात म्हटलं होतं की बायकांसाठी बसण्याची स्वतंत्र आणि पडदाबंद सोय केलेली आहे. तिने विचारलं, आबा नाय म्हणाले, विषय संपला.

मग एके दिवशी जेवणं झाल्यावर आबांनी फेटा बांधला, वहाणा घातल्या आणि सांगितलं, "सातपूरला चाललोय. तिथल्या पाहुण्यांच्या विहिरीचं काम चालू हाय. यायला दिवस मावळंल."

सातपूर तेव्हा शेतांनी वेढलेलं लहानसं गाव होतं. आबा रस्त्याच्या वळणावर दिसेनासे झाले आणि आई कोरं लुगडं नेसून बाहेर आली.

"चल," ती म्हणाली.

"कुठं?"

"विचारू नको. विचारलंस तर माझं अवसान जाईल."

दुपारचा खेळ होता. पुरुषांची दारं रस्त्याच्या बाजूला, बायकांचं पार मागे, जनावरांच्या पिंजऱ्यांवरून जाऊन. तिथे वाघाचा वास एवढा होता की आईने पदर नाकाला लावला तो आत बसेपर्यंत काढला नाही. नंतर कळलं ते असं: सर्कस गावात आल्याबरोबर गावातली चार वजनदार माणसं मालकाकडे गेली होती. बायका बसणार तर त्या पुरुषांना दिसता कामा नयेत, अशी त्यांची अट. मालकाने बायकांचे बाक उचलून थेट मागे नेले, जिथून खेळ करणारी माणसं आणि जनावरं रिंगणात शिरतात तिथे, बँडवाल्यांच्या शेजारी. पुढे बांबूच्या बारीक काड्यांचा चिक सोडला. चार वजनदार माणसं येऊन पाहून गेली. समोरच्या बाकांवर बसून त्यांनी खात्री केली की चिकाआडचं काही म्हणजे काही दिसत नाही. त्यांचं समाधान झालं.

त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती: बायका पुरुषांना दिसू नयेत. पुरुष बायकांना दिसतील, आणि नुसते दिसतील नव्हे तर खेळ संपेपर्यंत समोर ओळीने मांडून ठेवल्यासारखे दिसतील, हे त्यांच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. बाकांवर सावली आणि रिंगणात उजेड. चिकाला नाक लावून बसलं की काड्या दिसेनाशा व्हायच्या आणि पलीकडचं सगळं लख्ख दिसायचं.

सुरुवातीला आमच्या बाकांवर नाराजी होती. घोडे आमच्या अंगावरून धावत आत जायचे आणि मग आम्हाला शेपूट. विदूषक काहीतरी करायचा, समोर हशा पिकायचा, आम्हाला त्याची पाठ. कोणीतरी मागून म्हणालं, "घोड्याचा मागचा भाग बघायचा तर घरचा टांगा काय वाईट होता?" माझ्या शेजारी जुन्या नाशकातली एक मुसलमान बाई बसली होती. चिकाआड आल्यावर तिने बुरखा मागे टाकला होता आणि शेंगा खात होती. तिने मला कोपराने ढोसलं.

"घोड़े को छोड़ो," ती म्हणाली. "सामने देखो. हमारे मर्द कैसे मुँह खोलके बैठे हैं."

मी पाहिलं, आणि मग आमच्या बाकांवर जी काही मजा सुरू झाली तिला तोड नाही. सगळं नाशिक समोर बसलेलं. बायका नवऱ्यांना ओळखू लागल्या, सासऱ्यांना ओळखू लागल्या. घरी ज्यांच्यापुढे मान वर करायची सोय नाही ती माणसं समोर बसून दात काढत होती, नखं खात होती, वाघ आला की शेजाऱ्याचा दंड धरत होती. त्या चार वजनदार माणसांपैकी एकाने तर वाघाने जांभई दिली तेव्हा पाय वर घेतले. बायका पदरात तोंड घालून हसत होत्या. हसून हसून माझे डोळे भरून आले. सर्कस पुढून कशी दिसते ते मला आजही नीट माहीत नाही, पण पुढून बघणाऱ्यांपेक्षा आम्हाला जास्त काही मिळालं याबद्दल माझी खात्री आहे.

मग तारेवरची बाई आली. रिंगणात शिरण्याआधी ती आमच्या अगदी जवळ, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ उभी राहिली. अर्धे कपडे वगैरे काही नव्हतं; हिरवं नऊवारी लुगडं, माझ्या आईसारखंच, फक्त कासोटा जास्त करकचून मारलेला. तिने खाली बसून दोन्ही तळव्यांना राख चोळली. टाचेला भेगा होत्या, त्यांत राख जाऊन बसली. उठताना तिने चिकाकडे बघितलं. तिला आम्ही दिसत होतो की नाही कोण जाणे, पण ती हसली आणि पाठ फिरवून आत गेली.

ती वर चढली. एका हातात छत्री. बँड थांबला. तिची टाच तारेवर टेकत होती, उचलत होती, पुन्हा टेकत होती. अर्ध्यावर आल्यावर तार एकदम हेलकावली. छत्री एकीकडे गेली, तिचा देह दुसरीकडे. समोरची माणसं, ती सगळीच्या सगळी रांग, एकदम मागे सरली. अंगावर काही पडणार असलं की माणूस सरतो तशी.

एकच माणूस पुढे झाला. दुसऱ्या रांगेतून तो उठून उभा राहिला, तोंड आ वासलेलं, आणि दोन्ही हात पुढे पसरलेले, वरून फळ पडणार आहे आणि आपल्याला ते झेलायचं आहे असे. तंबूच्या कापडाला वर कुठेतरी फट होती, तिच्यातून आलेलं ऊन नेमकं त्याच्या फेट्यावर पडलं. बाकीच्यांच्या पांढऱ्या टोप्या सावलीत निळसर, करड्या दिसत होत्या. तो एकच फेटा लखलखला.

आईने माझा हात धरला. "ते बघ," ती हळूच म्हणाली. "सातपूर."

बाई पडली नाही. तिने छत्री सावरली आणि पलीकडे पोचली. टाळ्यांनी तंबू दणाणला. आबा अजून उभेच होते. मागच्या कोणीतरी त्यांचा सदरा ओढला तेव्हा ते भानावर आले आणि पटकन खाली बसले. आई हसत होती. मी हसले नाही, कारण मला माझं चित्र सापडलं होतं आणि ते डोळ्यांतून निसटेल या धास्तीने मी पापणी लववायला तयार नव्हते.

आम्ही घाईने घरी आलो. दिवस मावळल्यावर आबा आले, पाय धुतले, जेवायला बसले. आईने दाराआडून विचारलं, "पाणी लागलं का विहिरीला?"

"खडक लागलाय," आबा म्हणाले.

मी ताटात मान खाली घालून बसले होते.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. मळ्यात फुलं निवडायला एक छप्पर होतं, तिथे उजेड चांगला यायचा आणि आबा फारसे यायचे नाहीत. मास्तरांनी त्यांच्याकडचा जाड, चांगला कागद दिला होता. तो भिजवून फळीवर ताणून बसवला. जलरंगांचं एक असतं: त्यात पांढरा रंग म्हणून लावत नाहीत. जिथे पांढरं हवं तिथे कागद कोरा सोडायचा. तो आधीच ठरवून ठेवावा लागतो, आणि एकदा सभोवताली रंग बसला की मग मागे फिरता येत नाही. तंबूतला तांबूस उजेड मी सगळ्या कागदावर पसरला, टोप्या सावलीत बुडवल्या, घोड्यांचे पुठ्ठे, कडेला हत्तीची पाठ, विदूषकाचं ठिगळ, हिरवं लुगडं, राखेने भरलेली टाच, सगळं आलं. कोरा ठेवला तो एक फेटा. सगळ्या चित्राचा उजेड त्या फेट्यातून यायचा. बोट ठेवून तो झाकला की चित्र विझायचं.

आई फुलांची टोपली घेऊन आत आली आणि तिथेच थांबली. तिने बराच वेळ पाहिलं.

"कळतंय का तुला काय केलंस?" ती म्हणाली. "आपण गेलो व्हतो ते त्यांना कळंल. ते गेले व्हते ते आपल्याला माहीत हाय, ते बी कळंल. आन् त्यांनाच हे दाखवायचंय?"

"हो."

"पुसून टाक त्यांना. बाकी सगळं राहू दे."

"पुसता येत नाही, आई. डाग पडेल."

"मग त्यावर दुसरं कोणीतरी काढ. टोपीवाला काढ."

मी बोट ठेवून फेटा झाकून दाखवला. आईने पाहिलं. मग मी बोट काढलं. ती फुलं निवडायला बसली. नांदगावची ती विहीर, तिच्यावरचा रहाट, सगळं न बघताच माझ्या डोळ्यांपुढे दिसू लागलं.

मास्तरांनाही चित्र पसंत पडलं नाही. आबांचं त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांचा आक्षेप वेगळाच. "अगं, हे सगळं पाठमोरं का?" ते म्हणाले. "सर्कस पुढून बघायची असते. मुंबईचे लोक म्हणतील हिला तोंडं काढता येत नाहीत. एकदा पुढून काढून बघ." मनातून मला ही पळवाटही हवी होती. पुढून काढलं की आबा आपोआप गेले. मी दुसरा कागद ताणला आणि पुढून सर्कस काढली. घोडे समोरून, विदूषक समोरून, बाईचं हसरं तोंड. मी पुढून काही पाहिलंच नव्हतं, तेव्हा सगळं मनाने. काढून झाल्यावर आईला बोलावलं.

"ही कुठली सर्कस?" आई म्हणाली. "आपण नाय पाहिली ही."

मास्तरांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहिली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिली. मग त्यांनी पाठमोऱ्या चित्रावर हात ठेवला आणि म्हणाले, "हेच." भिडस्त माणूस, पण एकदा पटलं की पटलं. दुसरा कागद जाड आणि चांगला होता, आई त्यात गुलाबाची फुलं बांधून बाजाराला घेऊन गेली. ती सर्कस नाशकात कुणाच्या तरी देवघरापर्यंत पोचली असणार.

आबांना चित्र दाखवायचा दिवस आला. सकाळची वेळ, आबा ओट्यावर, मास्तर नेहमीसारखे ओट्याच्या कडेला. आई दाराआड. मी फळी दोन्ही हातांनी उभी धरली. त्या फळीमागून मला आबा दिसत नव्हते, फक्त ऐकू येत होते.



"सर्कस हाय ही," आबा म्हणाले.

"हो," मी म्हणाले.

"हत्ती बरा काढला." आबा जरा पुढे सरकल्याचा आवाज आला. "ही बाई बी तीच." मग एकदम थांबले. मी फळीच्या कडेवरून डोकावले. आबा पुढे वाकले होते आणि त्यांचं बोट कागदाच्या अगदी जवळ, त्या कोऱ्या पांढऱ्या जागेवर येऊन थांबलं होतं.

"हा कोण?"

दाराआडून आई म्हणाली, "आसंल कोणी. पांढरे फेटे काय थोडे हायेत नाशकात?"

आबांनी पुन्हा पाहिलं. मान तिरकी करून पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या.

"तोंड एवढं उघडं नव्हतं," ते म्हणाले.

"कोणाचं?" मास्तरांनी विचारलं.

"माझं," आबा म्हणाले.

मास्तरांच्या हातातला कप बशीवर वाजला. आबा दाराकडे वळले. "तुम्ही कुठं बसला व्हता?"

"चिकाच्या मागं," आई म्हणाली. "तुमच्या समोर."

आता आभाळ कोसळणार म्हणून मी डोळे मिटले. कोसळलं नाही. आबांच्या घशातून काहीतरी आवाज आला. आधी मला खोकला वाटला. "आन् मला विचारती, पाणी लागलं का," ते म्हणाले, आणि मग ते हसू लागले. नदीपलीकडे जाणाऱ्या त्या आवाजात हसू लागले. वाफ्यांत काम करणारे गडी उठून बघू लागले. मास्तरही हसू लागले, बिचाऱ्यांना अजून सगळं कळलेलं नव्हतं. मी फळी घट्ट धरून उभीच होते, कारण अजून उत्तर मिळालं नव्हतं.

हसू ओसरल्यावर आबांनी उपरण्याने डोळे पुसले आणि त्यांचा चेहरा पुन्हा गंभीर झाला. "चित्र झ्याक हाय," ते म्हणाले. "त्याचं काय नाय. पण मुंबई लांब हाय. एकटी पोरगी. तिकडं पडली झडली तर कोण हाय तिला?"

तेव्हा आई दाराबाहेर आली. तिने पदर डोक्यावरून घेतला, पण तोंड झाकलं नाही. इतक्या वर्षांत आबांच्या समोर उभं राहून बोलताना मी तिला पहिल्यांदा पाहिलं. बाजारात बोलायची तशीच ती बोलली, स्वच्छ आणि कुणाची भीड न ठेवता.

"आबा, समदे मागं सरले तवा तुम्ही एकटेच हात पुढं करून उठला व्हता," ती म्हणाली. "ती बाई कोण, कुठली, तिचं नाव बी तुम्हाला ठावं नाय. ही तर घरची हाय."

आबांनी चित्राकडे पाहिलं. या वेळी फेट्याकडे नाही, त्या पसरलेल्या हातांकडे. आणि मग स्वतःच्या हातांकडे, मातीच्या रेघा भरलेल्या, मांडीवर ठेवलेल्या. मला त्या माणसाची एकाएकी इतकी माया आली की फळी बाजूला ठेवून त्यांच्या पाया पडावं असं वाटलं. ठेवली नाही, रंग खराब झाले असते.

"नांदगावला निरोप धाडा," आबा मास्तरांना म्हणाले. नांदगावशी मास्तरांचा काही संबंध नव्हता, पण समोर तेच बसले होते. "म्हणावं, पोरगी मुंबईला चाललीय."

चित्र मुंबईच्या प्रदर्शनात घेतलं गेलं. नुसतं घेतलं नाही, दर्शनी भिंतीवर लावलं गेलं, आणि 'पाठमोरी सर्कस' म्हणून लोक एकमेकांना ते दाखवायला आणू लागले. मास्तर स्वतः जाऊन पाहून आले आणि शाळेत येऊन त्यांनी वर्गात जे सांगितलं ते सांगताना त्यांचा भिडस्तपणा कुठे गेला होता कोण जाणे. प्रदर्शन संपता संपता त्या संस्थानाचे अधिकारी आले आणि त्यांनी ते आपल्या संग्रहालयासाठी घेतलं. बातमी मळ्यात पोचली त्या दिवशी आबांनी फुलबाजारात प्रत्येकाला थांबवून सांगितलं. त्यात सातपूरच्या विहिरीचा उल्लेखही ते स्वतःच करत, आणि तो करताना आधी स्वतःच हसत. गळ्यातल्या तुळशीच्या माळेला त्यामुळे काही बाध आला नाही. त्या चार वजनदार माणसांपैकी एकाने आडून आडून विचारलं म्हणे, की चित्रात आणखी कोण कोण दिसतं.

मी मुंबईला गेले. पहिल्या सुट्टीत आई, आबा आणि मी ते चित्र बघायला आगगाडीने त्या संस्थानात गेलो. आबांनी नवा फेटा बांधला होता. दालनात शिरल्यावर त्यांनी वहाणा बाहेर काढून ठेवल्या. कोणी सांगितलं नव्हतं. चित्र सापडायला वेळ लागला नाही. मोठ्या मोठ्या राजेलोकांच्या तसबिरींच्या मध्ये आमचा तांबूस तंबू होता आणि त्यात तो पांढरा ठिपका दारातूनच दिसत होता.

आबा जवळ गेले. खूप जवळ. पट्टेवाला पुढे आला आणि हात लावू नका म्हणाला.

"हात नाय लावत," आबा म्हणाले. "हा मी हाय."

पट्टेवाल्याने चित्राकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, आणि त्याला ते पटलं नाही हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. तेव्हा आबा भिंतीपासून दोन पावलं मागे झाले. त्यांनी वर बघितलं, दालनाच्या उंच छताकडे, जणू तिथे तार आहे. दोन्ही हात पुढे पसरले आणि तोंड आ वासलं. दालनातले लोक वळून बघू लागले. पट्टेवाल्याने पुन्हा एकदा चित्राकडे पाहिलं आणि या वेळी त्याने आबांना वाकून नमस्कार केला.

आबा तसेच उभे राहिले, हात पसरून. "उघडंच व्हतं गं तोंड," ते मला म्हणाले. "तू बरोबर काढलंस."

"आता मिटा," आई म्हणाली. पण त्यांनी हात मात्र खाली घेतले नाहीत, मी जाऊन त्यांच्याजवळ उभी राहीपर्यंत.